अधांतरी अंडं

रविवारी सकाळी आठ वाजता अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर पाय ठेवायला जागा नव्हती. कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे कामगारांच्या वस्तीतली निम्मी माणसं तिथेच. बायका पोरं कडेवर घेऊन रांगेत, पुरुष मोबाइल वर धरून, आणि प्रत्येक घरातल्या एकाच्या हातात रुमालात गुंडाळलेलं एक अंडं.

मांडवात पाटावर जलनाथ महाराज बसले होते. समोर लाल कापडावर काचेची मोठी बरणी, लोणच्याची असते तशी. निम्मी तीर्थाने भरलेली. महाराज गोदावरीच्या पाण्याचा तांब्या उचलत, बरणीत पिंपळाचं पान तिरकं धरत आणि त्यावरून पाणी अगदी हळू सोडत. पाणी सोडताना तोंड चालूच.

"अंडं तुमचं, पाणी गंगेचं. मी कोण? मी मधला पोस्टमन. पत्र वरून येतं, मी वाचून दाखवतो."

मग अंडं सोडायचं. ते बुडून तळाशी बसलं तर आजार साधा, डॉक्टरकडे जा. अधांतरी थांबलं तर बाहेरचं आहे. तसं झालं की नऊ दिवस उंबरा ओलांडायचा नाही, सुई टोचून घ्यायची नाही, रोज तीर्थ प्यायचं.

मी पुढच्या रांगेत होते आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या भाडेकरूच्या आईने, भिमाबाईंनी, सोडलेलं अंडं पाण्यात उतरलं, बरणीच्या मध्यावर आलं आणि थांबलं. ना वर, ना खाली. महाराजांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सुनेचा जीव असाच टांगलेला आहे, माउली."

भिमाबाई पेठ तालुक्यातल्या. मुलगा सुनील अंबडला एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला, आणि तो व त्याची बायको सरिता माझ्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहतात. सरिताला आठवा महिना लागला होता. पहिलंच बाळंतपण, म्हणून भिमाबाई गावाहून आल्या होत्या. येताना डब्यात तांदळाच्या कोंड्यात पुरून घरच्या कोंबडीची अंडी आणली होती. विकतच्या अंड्यात कुणी काही करून ठेवलं तर, अशी त्यांना शंका. मांडवातही पाण्यात सोडेपर्यंत अंडं त्यांनी मुठीबाहेर काढलं नाही, महाराजांच्या शिष्याला हात लावू दिला नाही. सगळीच माणसं अशी आपापल्या अंड्याला जपत होती. पाण्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मी सदतीस वर्षं आरोग्यसेविका होते. अठ्ठ्याहत्तर साली पेठकडच्या डोंगरात उपकेंद्रावर रुजू झाले तेव्हा रस्ता नव्हता. बाळंतीण अडली तर बांबूला झोळी बांधून चार माणसं नदी ओलांडत, आणि मी मागून पाऱ्याचं रक्तदाबाचं यंत्र डोक्यावर घेऊन चालत असे. काही पोहोचल्या, काही नाही. ज्या पोहोचल्या नाहीत त्यांची नावं आणि गावं मला अजून तोंडपाठ आहेत. तेव्हा वाटायचं, एक रस्ता झाला, एक गाडी आली की हे थांबेल.

त्या रविवारी दुपारी मी सरिताच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे सत्तर, खालचा एकशे दहा. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. मी सुनीलला बाहेर बोलावलं. म्हटलं, गर्भारपणात कधी कधी रक्ताच्या नळ्या आवळतात, तेवढंच रक्त अरुंद वाटेने जायला लागतं आणि दाब वाढतो. पुढे झटके येतात. आत्ता, या घटकेला दवाखाना.

"नऊ दिवस उंबरा ओलांडायचा नाही, मावशी," तो म्हणाला.

"सुनील, तुझ्या प्रेसला तेलाच्या दाबाचं घड्याळ आहे ना? काटा लाल रेषेवर गेला तर काय करतोस?"

"बंद करतो मशीन."

"मग?"

"मशीनचं वेगळं असतं, मावशी. मशीनला बाहेरचं नाही लागत."

मी त्याच्याशी वाद घालत बसले नाही. १०८ला फोन केला. वीस मिनिटांत गाडी दारात आली. भिमाबाई खोलीच्या उंबऱ्यावर आडव्या बसल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, फक्त बसल्या. डॉक्टर तरुण होता, त्याने परोपरीने समजावलं. शेवटी म्हणाला, घरच्यांनी नकार दिला तर मी उचलून नेऊ शकत नाही, आणि सुनीलची सही घेऊन निघून गेला. मी अंगणात उभी राहून गाडी वळताना पाहिली. डोंगरात रस्ता नव्हता म्हणून बायका जिवानिशी जायच्या. इथे डांबरी रस्ता होता, गाडी होती, दोन मैलांवर दवाखाना होता.

भिमाबाई मात्र माझ्याशी नीटच बोलत होत्या. "नर्सबाई, तुमी चांगल्या हायेत. पर त्यो बाबा सगळ्यांनाच डाक्टर नको म्हनत नाय. परवा शेजारच्याला खोकला व्हता, अंडं बुडलं, बाबा म्हनला डाक्टरकडं जा. खोटारडा असता तर का धाडला असता?"

खरं सांगते, मनातून मी चरकले. हा माणूस कच्चा नव्हता. रांगेत उभ्या असलेल्यांची विचारपूस त्याचे शिष्य आधीच करत. किरकोळ दुखणं असेल त्याला डॉक्टरकडे पाठवायचं, म्हणजे चार लोक त्याच्या सचोटीची साक्ष द्यायला मोकळे. ज्यांच्या घरात खरी भीती आहे, त्यांना आपल्याकडेच अडकवून ठेवायचं.

सोमवारी सरिताचा दाब आणखी चढला. मी दोनदा गेले, दोनदा सांगितलं, दोनदा परत आले. महाराजांकडून बाटलीभर तीर्थ आलं होतं. मी चाखून पाहिलं, साधं गोडं पाणी. त्यात चूक काढायला काहीच नव्हतं.

मंगळवारी सकाळी मात्र एक गोष्ट ध्यानात आली. पाण्यापेक्षा जड वस्तू बुडते, हलकी तरंगते. वरपासून खालपर्यंत एकसारख्या पाण्यात अंडं मध्येच थांबत नाही. थांबलं, याचा अर्थ खालचं पाणी वरच्यापेक्षा जड होतं. आणि पाणी जड करायला स्वयंपाकघरात मिळणारी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे मीठ. मी सुनील आणि भिमाबाईंना बोलावलं, काचेच्या बरणीत पाणी घेतलं, चार चमचे मीठ ढवळलं आणि भिमाबाईंच्या डब्यातलं अंडं सोडलं.

ते थेट तळाशी जाऊन बसलं.

आणखी दोन चमचे टाकले. बसूनच राहिलं. सुनील थकल्या आवाजात म्हणाला, "जाऊ द्या मावशी. तुमचं अंडं बुडलं." हयातभर दुसऱ्यांना शहाणपण सांगितलं आणि घरातल्या बरणीत एक अंडं तरंगवता येईना.

भिमाबाई बरणीकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मीठ कमी पडलं, नर्सबाई."

मी वळून पाहिलं.

"भाताचं बी निवडताना आमी हेच करतो. कृषीचा साहेब शिकवून गेलाय. पान्यात अंडं टाकायचं आन् ते वर येऊन रुपायाएवढं टक्कल दाखवीपत्तुर मीठ टाकायचं. मंग भात वतायचं. पोचट बी वर, भरलेलं तळाला." बोलता बोलता त्यांनी मिठाच्या बरणीत हात घातला. मूठ टाकली, ढवळलं. दुसरी मूठ टाकली. अंडं तळ सोडून वर आलं आणि पाण्याबाहेर डोकं काढून डोलायला लागलं.

दरवर्षी पेरणीआधी हे काम त्या स्वतःच्या हाताने करत होत्या. सगळं गाव करतं. आणि मांडवात तेच अंडं, तेच पाणी पाहून त्यांनी हात जोडले होते, कारण तिथे भात नव्हतं, बादली नव्हती, शेत नव्हतं. मी तरी डोंगरात ते बी निवडणं किती वेळा पाहिलं होतं!

मी पळी आडवी धरली आणि तिच्यावरून गोडं पाणी हळूहळू सोडलं. हलकं पाणी जड पाण्यावर बसलं, मिसळलं नाही. अंडं गोड्या पाण्याला जड आणि खाऱ्याला हलकं, म्हणून दोन्हींच्या शिवेवर थांबलं. बरणीच्या मधोमध, अधांतरी. पिंपळाच्या पानाचं काम तेवढंच होतं. ज्याचं अंडं बुडवायचं, त्याच्यासाठी बरणीत नुसतं गोडं पाणी. आणि महाराज तीर्थ नेहमी वरूनच काढत, म्हणून ते गोडं लागत होतं.

भिमाबाईंनी बरणीला बोट लावून दोन्ही पाण्यांची शीव दाखवली. "म्हंजी पानी दोन परकारचं," एवढंच म्हणाल्या. मग सुनीलकडे बघून, "गाडी बोलाव."

सुनील फोन लावत असतानाच मागच्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज आला. आम्ही गेलो तेव्हा सरिताचे हातपाय ताठ झाले होते आणि तोंडातून फेस येत होता. मी तिला डाव्या कुशीवर वळवलं. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. गाडी आली. या वेळी दारात कुणी बसलं नाही.

मुलगी होती. पोटातच गेली. सरिता चार दिवस अतिदक्षता विभागात होती, पाचव्या दिवशी तिने डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की रविवारी आणलं असतं तर बहुतेक दोघीही वाचल्या असत्या. हे त्यांनी सुनीलला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी भिमाबाई मांडवात गेल्या. मी सोबत होते. रांग मागच्यापेक्षा मोठी होती. कुणाचं तरी अंडं मध्यावर थांबलं, लोकांनी हात जोडले, आणि भिमाबाई पुढे झाल्या. शिष्य अडवायच्या आत त्यांनी बरणी तिरकी करून वरचं निम्मं पाणी मातीत ओतलं आणि उरलेलं जमलेल्यांपुढे धरलं.

"चाखा. बोट घाला आन् चाखा."

पाच-सहा जणांनी चाखलं आणि थुंकलं. कुणीतरी म्हणालं, "अरे, खारट हाय." महाराजांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

"खारट असणारच. गंगामाईचे अश्रू आहेत ते. तुमच्या पापांनी रडतेय ती."

आणि मागच्या रांगेतल्या एका बाईने खरोखर पदर पसरून त्या ओल्या मातीला नमस्कार केला. काही माणसं मात्र अंडी खिशात घालून निघून गेली. आठ दिवसांनी मांडव उठला. पोलिसांत मी लेखी तक्रार दिली आहे, तिची पोच माझ्याकडे आहे. लासलगावकडे बाजारात असाच कुणी बसतो असं ऐकलं. तोच असेल, दुसरा असेल.

सरिता घरी आली त्या दिवशी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. तिने भिंतीकडे बघत विचारलं, "मावशी, पहिल्यांदा गाडी आली होती, तेव्हा मला जायचं होतं. माझं डोकं फुटत होतं. माझ्या पोटाचं अंड्याला विचारलं सगळ्यांनी. मला कुणी का नाही विचारलं?"

मी सुनीलशी बोलले होते, भिमाबाईंशी बोलले होते, डॉक्टरांशी बोलले होते. तिच्या दंडाचा आकडा मी तीनदा घेतला होता. तिला मीही विचारलं नव्हतं.

म्हणून हे लिहिते आहे. अंडं का बुडतं आणि का तरंगतं, ते तुमच्या स्वयंपाकघरात मूठभर मिठाने तपासून बघा, पोरांनाही करून दाखवा. पहिल्या खेपेला जमलं नाही तर आणखी मीठ टाका. पाण्याला माणसाचं भविष्य कळत नाही, फक्त वजन कळतं. घरात कुणी आजारी असेल तर कुठल्याही बरणीपुढे उभं राहण्याआधी त्या माणसाजवळ बसा, त्याला काय होतंय ते त्यालाच विचारा, आणि गाडी दारात आली की उंबऱ्यातून बाजूला व्हा.