उशाचं लोखंड

शेतात ट्रॅक्टरच्या नांगराला एक गोटा अडकला, तो आमच्या घरात आला आणि मी घरातच अडकले.

नारळाएवढा गोटा, पण उचलायला गेलं की कंबर बोलते. पुण्याचा एक शौकीन माणूस तो बघायला किन्हीराजापर्यंत आला. त्यानं कोपरा कानशीनं घासला, वर तेजाब टाकलं, तर लोखंडात बाजेच्या विणीसारख्या रेघा उमटल्या. म्हणाला, एक ग्रह फुटला, त्याच्या पोटातला हा तुकडा. लाख वर्षांत एखादा अंश, असा निवत गेला म्हणून ही वीण. माणसाच्या हातून होत नाही, म्हणून हौशी लोक वेडे होतात. महिन्याभरात न्यायला येतो म्हणाला, आणि जाताना माझ्या मालकांना वेडं करून गेला.

तेव्हापासून मालक, हेमसिंग, शेतात जाताना मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचे. 'गोट्याले एकटं सोडाचं नाई.' आमच्या रीताचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही नको म्हणाले. 'पाव्हणे येतीन, बोभाटा होईन.' मी खिडकीतून रस्ता बघत त्या गोट्याला शिव्या घालायची. मेल्या, इतकी वर्षं आभाळात मोकळा हिंडलास, आणि कोंडायला मीच सापडले?

रीताच्या सासरहून, मंगरूळपीरहून फोन आला. रीताला मुलगी झाली होती. 'तू कवा येशीन व माय?' म्हणत ती रडायला लागली, आणि माझाही जीव राहिना.

दुपारी मालक जेवायला आले. 'मले जाऊ द्या,' मी म्हणाले.

'मंग गोट्यापाशी कोन बसन?'

जेवून त्यांचा डोळा लागला. दार उघडं होतं. गोटा चादरीत गुंडाळून पिशवीत घातला आणि बस गाठली. मंगरूळपीर येईपर्यंत मांडी बधिर झाली.

विहीणबाई रुपाबाई, बाळाला बाधा होऊ नये म्हणून बाळंतिणीच्या उशाला लोखंड हवं, त्यासाठी विळा शोधत होत्या.

'विळा काहून? लोखंड मी आनलं न,' म्हणत मी रीताच्या उशाशी गोटा ठेवला.

संध्याकाळी मालक आले, लालबुंद. गोट्याला हात घालणार तोच रुपाबाई आडव्या आल्या. 'हात नोका लावू. उशाचं लोखंड सव्वा महिना हालवत नाई.'

'पन तो पुन्याचा मानूस येऊन राह्यला न.'

'येऊ द्या. बारशाले जेवून जाईन.'

मालक माझ्याकडे वळले.

'गोट्याले एकटं सोडाचं नाई न?' मी म्हणाले. 'मंग बसा.'

ते बाहेर पायरीवर बसले. नात भुकेनं रडायला लागली, तशी मी दाराला आतून कडी लावली.