मागच्या सीटवरचं प्लास्टिक

जात्याच्या घरघरीत मिसळलेला तो आवाज परशुरामच्या कानात चाळीस वर्षं वस्तीला होता. तेव्हा तो आठ वर्षांचा. पूर्णगडच्या वर, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या वाडीत त्याचं घर. पहाटे आई दळायला बसली की पिठाबरोबर ओवी पडायची :

सड्यावर गं गाडी गेली, तांबडी धूळ उडे
माझ्या गं मास्तरांच्या, वहाणेत गेले खडे

एवढं झालं की पुढच्या दोन ओळी ती जात्यातच घालायची. ओठ हलायचे, पण खुंटा असा जोरात फिरायचा की ऐकू यायची ती नुसती घरघर.

“आई, पुढे काय गं?”

“पुढे पीठ. ऊठ, पेज निवतेय.”

गाडी होती खालच्या आळीतल्या बागायतदारांची, सबंध वाडीत एकच मोटारसायकल. आणि मास्तर म्हणजे परशुरामचे वडील. सड्यावरून शाळेपर्यंत रोज दोन कोस चालत जायचे आणि दोन कोस चालत यायचे.

पुढे मास्तर गेले, जातं माळ्यावर गेलं, परशुराम रत्नागिरीत जिल्हा परिषदेत कारकून झाला. आई, म्हणजे मथुराकाकू, त्याच्याकडेच राहायला आली. आणि दोन हजार नऊच्या दसऱ्याला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, परशुरामने चिपळूणहून मोटारसायकल आणली. कोरी करकरीत. पण कंपनीने मुद्दाम जुनी दिसेल अशी घडवलेली.

काळी कुळकुळीत टाकी, परातीएवढा वाटोळा दिवा, पुढे स्प्रिंगांची सीट, मागे वेगळी छोटीशी उशी. शेजारच्या शौनककडे पोपटी रंगाची नव्या धर्तीची गाडी होती. तीवर बसला की शौनक रस्त्यात पडलेली चवली शोधत निघाल्यासारखा वाकलेला दिसे. परशुराम मात्र पाटावर जेवायला बसावं तसा ताठ. एका बाजूला नारळांची पिशवी, दुसऱ्या बाजूला जेवणाचा डबा, मधे आपण. ही गाडी घाई करू द्यायचीच नाही. जेवण झाल्यावर आजोबांनी घसा खाकरावा तशी खाकरायची आणि जणू म्हणायची, ‘सावकाश हो. ऑफिस काय पळून जातंय?’

सीटवरचं प्लास्टिक तेवढं त्याने काढलं नव्हतं. तो घरचा रिवाजच. फ्रिजच्या दाराला प्लास्टिक, रिमोटला प्लास्टिक. त्याची बायको सुनेत्रा म्हणायची, “लग्नात तुम्हालाही घालून घ्यायला हवं होतं. एवढे पिवळे पडला नसतात.”

पहिल्याच दिवशी बाजारात यज्ञेश वकील आडवे आले. वकील परशुरामच्याच वाडीतले, मास्तरांचे विद्यार्थी. आता ‘जपणूक मंडळा’चे अध्यक्ष. तीस वर्षं एकच छत्री वापरणाऱ्यांचा सत्कार करणारं हे मंडळ गावात फार आदराचं. वकिलांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, मागच्या उशीवरचं प्लास्टिक बोटाने दाबलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“मास्तरांची ना रे ही? चाळीस वर्षांत प्लास्टिकसुद्धा काढलं नाहीत! याला म्हणतात जपणं!”

परशुरामने तोंड उघडलं. पण वकिलांचं संपलं नव्हतं. “नाहीतर आजची माणसं! बापाचं मोडीत काढतात आणि लाखभर घालून नवीन घेतात. नालायक!”

परशुरामने तोंड मिटलं.

तोंड एकदा मिटलं की बाकीचं काम गाव करतं. नंबर नवा कसा? “फेरपासिंग केलंन असेल.” बटण दाबून सुरू कशी होते? “मागाहून बसवून घेतलंन, हुशार आहे!” हळूहळू लोकांना आठवणीही येऊ लागल्या. एकाने ही गाडी मास्तरांबरोबर होडीत चढवली होती. एकीच्या लग्नात म्हणे मास्तर हिच्यावरूनच आले होते. वकिलांची आठवण तर सगळ्यांत मोठी. “मी लहान असताना मास्तरांनी मला या गाडीवरून सड्यापार घरी सोडलंय. वाऱ्याने डोळे मिटत होते माझे!”

परशुरामने खोटं असं एकही वाक्य उच्चारलं नाही. तो नुसता हसायचा. ऑफिसात साहेब त्याला ‘अहो’ म्हणू लागले, तेव्हा तो थोडा जास्त हसायला लागला.

भीती होती ती एकाच माणसाची. मथुराकाकू जन्मात खोटं बोललेली नव्हती. घरी गाडी बघायला माणसं येत, विचारत, “काय हो काकू, मास्तरांची ना?” ती म्हणायची, “बसा हो, कोकम घेता का?” आणि आत जायची. मात्र रोज सकाळी ती जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन पडवीत यायची आणि गाडी पुसायची. सबंध गाडी नव्हे. फक्त मागची उशी. प्लास्टिकवरून हात फिरवत राहायची.

“आई, तिथे धूळ नाहीये गं.”

“कोणी बसत नाही ना रे हिच्यावर?”

“सुनेत्राला स्कूटी आहे. दुसरं कोण बसणार?”

“नाही, आपलं विचारलं,” म्हणून ती बोळा झटकायची.

ती रागावली आहे, असं परशुरामला वाटायचं. बापाच्या नावावर मिरवणारा मुलगा तिला टोचत असणार.

मार्गशीर्षात मंडळाचं पत्र आलं : ‘कै. मास्तरांच्या मोटारसायकलीस यंदाचा जपणूक सन्मान. गाडीचं औक्षण मातोश्रींच्या हस्ते. मातोश्री दोन शब्द बोलतील.’

ते ‘दोन शब्द’ वाचून परशुरामने पत्र सुनेत्रापुढे सरकवलं.

“आता कबूल करा,” सुनेत्रा म्हणाली.

“कसं करू? सबंध गाव तोंडात शेण घालेल.”

“मग आईंना सांगा, खोटं बोला म्हणून.”

“ते तर त्याहून कठीण.”

दोन्ही कठीण म्हणून त्याने दोन्हीतलं एकही केलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी तो गाडीवरून एकटा निघाला, आणि सत्कारमूर्तीची आई सुनेत्राबरोबर रिक्षातून आली.

सभागृहात टेबलावर शिवलेल्या छत्र्या, डाग दिलेली पातेली, रेडिओ मांडले होते. मधे, सतरंजीवर, हार घालून गाडी. काकूने निरांजन ओवाळलं. वकिलांनी माइक पुढे केला. “सांगा काकू, मास्तरांच्या गाडीविषयी!”

काकूने माइककडे बघितलं, मग गाडीकडे, मग मुलाकडे.

“परशा सांगेल,” ती म्हणाली. “त्याचंच राहिलंय सांगायचं.”

माइक परशुरामच्या हातात आला. समोरच्या रांगेत साहेब बसले होते. क्षणभर त्याला वाटलं, नुसतं हसावं. पण आई बघत होती; ती कधी काळी पाटीवरचं गणित बघायची, तशीच.

“गाडी वडलांची नाही,” तो म्हणाला. “वडलांकडे गाडी कधीच नव्हती. ते चालायचे. ही मी दसऱ्याला चिपळूणहून आणली. नवीन. लाखभर घालून. तुम्ही म्हणालात आणि मी... गप्प राहिलो.”



“अरे, पण प्लास्टिक!” मागून कोणीतरी कळवळून ओरडलं.

वकील लालेलाल झाले. “अशक्य! मी स्वतः बसलोय! वाऱ्याने डोळे मिटत होते! मग मी बसलो होतो ते कशावर?”

“खांद्यावर,” मथुराकाकू म्हणाली.

वकील तिच्याकडे वळले.

“तुला ताप भरला होता, यज्ञेशा. शाळेतून ह्यांनी तुला खांद्यावर घेतलंनी आणि सबंध सडा धावत आणलंनी. वाऱ्याने नव्हे रे, तापाने मिटत होते डोळे. घरी आले तर दोन्ही टाचा फुटलेल्या. मी हळद भरली.”

 वकिलांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. अखेर सन्मान तीस वर्षांच्या छत्रीला गेला. छत्रीच्या मालकाने तो तत्परतेने स्वीकारला आणि पुष्पगुच्छाचं प्लास्टिक न काढता घरी नेला.

साहेब परशुरामच्या समोरून गेले ते ‘अहो’ न म्हणता. वाटेत माणसं बाजूला होत होती. परशुरामने गाडीवरचा हार उतरवला, ढकलत ती बाहेर आवारात आणली आणि उभा राहिला. अंग हलकं झालं होतं, तोंड मात्र वर करवत नव्हतं.

मथुराकाकू मागून सावकाश आली.

“रागावलीस गं?”

“कशाला? सांगितलंस ना.”

“थांब, रिक्षा बोलावतो तुला.”

ती हलली नाही. तिने मागच्या उशीवर हात ठेवला. मग नखाने प्लास्टिकची कड उचकटली आणि टर्रकन ओढली. खालचं कातडं काळं, कोवळं, कोणाचाही स्पर्श न झालेलं निघालं. प्लास्टिकची घडी करून तिने ती कमरेला खोचली. टाकायची म्हणजे अतीच झालं असतं. मग मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन ती त्या उशीवर बसली, आणि इथे जातं नव्हतं, घरघर नव्हती, म्हणून परशुरामला अक्षरन् अक्षर ऐकू आलं :

“गाडीच्या पाठीवर, जागा गं होती रिती
मनी मी बसून आले, लोकांची वाटे भीती.”