तळ्यावरचा शॉट

"आधी हातात तर घे! बघायला काय पैसे पडतात का?" असं म्हणत दुकानदाराने नवा ड्रोन खोक्यातून काढून पायलटच्या तळहातावर ठेवलासुद्धा.

पायलट आपला नावाचाच पायलट. विमानात तो जन्मात बसलेला नाही. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, लग्नाकार्याचे फोटो काढणारा माणूस. सहा वर्षांपूर्वी गावात पहिला ड्रोन त्याने आणला आणि त्या दिवसापासून लहानथोर सगळे त्याला पायलट म्हणायला लागले. त्यालाही ते आवडलं, खोटं कशाला बोला.

"वजन बघ, फुलासारखं," दुकानदार सांगत होता. दोघांची वीस वर्षांची ओळख, त्यामुळे त्याची जीभ जरा सैलच सुटायची. "समोर झाड आलं की आपणहून थांबतो. बॅटरी तुझ्या जुन्याच्या दुप्पट. आणि हा दुसरा कॅमेरा बघितलास? हा अंगाची ऊब दाखवतो. अंधारात झुडपाखाली मांजर बसलं असलं ना, तरी पडद्यावर उजळ ठिपका दिसणार."

पायलट ऊब या शब्दापाशीच अडकला होता.

"अरे, त्या खटाऱ्यावर तू तळ्याचा तसला शॉट काढलास! सूर्य बुडतोय काय, पाखरांचा थवा उठतोय काय! गिऱ्हाइकं मला मोबाइलवर दाखवून विचारतात, असा कशात निघतो म्हणून. मग या नव्यावर तू काय काय करशील?"

पायलटने ड्रोन खोक्यात परत ठेवला, जरा घाईनेच.

"आणि ओझं वाटून घेऊ नकोस. चावीकाकांची मुलगी काल येऊन गेली. ती आणि काकांची पाणीखात्यातली जुनी मंडळी, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. नवा तेच घेऊन देणार. तू फक्त जुना मला द्यायचा. नव्यावर काकांचं नाव घालायचं आणि पुन्हा कुणी हरवलं तर तू उडवायचा. ताई म्हणाल्या, त्या दिवशी असा असता तर आमचे बाबा सापडले असते. त्या बिचाऱ्याची काय चूक, मशीनच म्हातारं होतं."

"संध्याकाळी सांगतो," पायलट म्हणाला.

"सांगतो काय? लक्ष्मी घरी चालत आलीय आणि हा म्हणतो संध्याकाळी सांगतो!"

पण पायलट तोवर पायऱ्या उतरला होता.

चावीकाका गावाला ठाऊक होते ते त्यांच्या लांबलचक लोखंडी चावीमुळे. छत्तीस वर्षं त्यांनी गावाचं पाणी सोडलं. जमिनीतल्या हौदाचं झाकण उघडायचं, ती चावी आत घालायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी येतं, हे लोक घड्याळापेक्षा काकांच्या चालण्यावरून ओळखायचे. निवृत्त झाल्यावर दहाबारा वर्षं बरी गेली, मग विसरायला लागले. आधी चष्मा विसरले, मग बायको जाऊन किती वर्षं झाली ते, मग मुलीचं नाव. पाणी सोडायची वेळ तेवढी विसरले नाहीत. दार उघडं दिसलं की चावी घेऊन निघायचे.

तीन महिन्यांपूर्वी, ऐन थंडीत, असेच निघाले. दुपार गेली तरी पत्ता नाही. त्यांची मुलगी धावत पायलटकडे आली. "दादा, तुमचं ते विमान उडवता का हो जरा? बाबांच्या अंगात निळा स्वेटर आहे." पायलट त्या दिवशी उशिराने जेवत होता, तो हात धुऊन तसाच उठला. इथवर त्याच्या मनाला कुठे टोचत नव्हतं. बोलावलं आणि तो गेला. एवढं तरी खरं होतं.

खरी गोष्ट त्याच्या पुढची. ती त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

तळ्याच्या बांधावर उभं राहून त्याने ड्रोन सोडला. सोबतीला पाणीखात्यातले दोघे होते, ते खाली झुडपं धुंडाळत होते. पायलटने कॅमेरा सरळ खाली रोखला आणि काठाकाठाने निघाला. चिखल, लव्हाळी, एक म्हैस, कुणाची तरी फाटकी चप्पल. आणि नेमका त्या वेळी सूर्य पाण्याला टेकला. पलीकडून पाखरांचा थवा उठला. रिमोटवर तर्जनीखाली एक छोटं चाक असतं, ते फिरवलं की कॅमेरा वर उचलला जातो. पायलटच्या बोटाने ते चाक फिरवलं. बोटाने म्हणायचं आपलं. बोट काय आपल्या मनाने चालतं? वीस वर्षं त्याने नवरानवरीमागून मावळता सूर्य टिपला होता. असा उजेड पुन्हा मिळत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने ड्रोन पाण्यावर घेतला, थव्याखालून सावकाश नेला, मग हळूच वर उचलला. शॉट संपला तेव्हा त्याच्या तोंडून "वा!" गेलं.

पंच्याण्णव सेकंद. नंतर त्याने मोजले.

मग कॅमेरा पुन्हा खाली केला, पण ड्रोन बांधाच्या टोकाला पोचायच्या आधीच रिमोट टिवटिव करायला लागला. बॅटरी संपत आली होती. दुसरी बॅटरी फुगून बसलेली, कामाची नव्हती. ड्रोन परत आला, अंधार पडला. जमलेल्या लोकांना पायलटने सांगितलं, "तळ्याकडे काही दिसलं नाही."

झालं. पायलटने वरून बघितलंय म्हटल्यावर तळ्याकडे कोण कशाला जातंय? सगळे टॉर्च घेऊन स्टँडकडे, बाजाराकडे, हमरस्त्याला गेले. काका सकाळी सापडले. बांधाच्या टोकाला एक बंद पडलेला जुना हौद आहे, त्याच्या झाकणाला टेकून बसलेले, चावी मांडीवर घेऊन. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव असणार. थंडीने गेले.

गावाने पायलटला एका शब्दाने दोष दिला नाही. "जुनं मशीन, संपली बॅटरी, तो तरी काय करणार?" असं लोकच एकमेकांना सांगायचे आणि पायलट मान खाली घालून ऐकायचा. बॅटरी संपली होती हे काही खोटं नव्हतं. ती कशावर संपली, हे कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे महिन्याभराने एका लग्नाच्या फिल्मला सुरुवातीचा शॉट हवा होता, तेव्हा त्याने तोच लावला. सूर्य बुडतोय, पाखरं उठताहेत आणि वर नवरानवरीची नावं. लोकांनी डोक्यावर घेतला. मनाची नाही, निदान जनाची तरी, म्हणतात. पण जनाला काही माहीतच नसेल तर लाज वाटायची कुणाची?

दुकानातून तो घरी आला तर बायकोपर्यंत बातमी पोचलेली. "अहो, नाही कशाला म्हणताय? माणसं प्रेमाने देताहेत."

"प्रेमानेच देताहेत ना, म्हणून तर."

"म्हणजे?"

"काही नाही. जरा जाऊन येतो." जुना ड्रोन खांद्याला लावून तो निघालासुद्धा. "उन्हातान्हाचं कुठे?" असं बायको दारातून विचारत राहिली.

तो बांधावर त्याच जागी जाऊन उभा राहिला. तीच बॅटरी, काठोकाठ भरलेली. तीन महिन्यांत ती आणखी थकली होती. त्याने कॅमेरा खाली केला आणि तोच काठ धरला. या खेपेला चाकाला हात लावला नाही. आकडा उतरत होता आणि पायलट चक्क मनात म्हणत होता, 'पोचू नकोस. अर्ध्यात टिवटिव कर. माझ्या राजा, एकदा वाजच.' मशीन म्हातारं होतं, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मग खुशाल नवा घेतला असता, काकांचं नाव घातलं असतं आणि रात्री नीट झोपला असता.

ड्रोन पोचला. बांधाचं टोक आलं, सिमेंटचा चौथरा आला, हौदाचं गोल झाकण पडद्यावर स्वच्छ दिसलं. झाकणावर ड्रोनची सावली हलत होती. रिमोट गप्प होता. परत यायला पुरून उरेल इतकी बॅटरी शिल्लक होती.

पायलट तिथेच मातीत बसला आणि रडला. म्हैस तेवढी बघत होती.

काकांच्या मुलीचं औषधाचं दुकान होतं. तो गेला तेव्हा काउंटरमागे ताई एकट्याच होत्या. त्याला बघून हसल्या. "या दादा! दुकानदार बोलले ना तुमच्याशी? नाही म्हणू नका बरं का."

"ताई, आधी हे बघा," पायलटने मोबाइल काउंटरवर ठेवला आणि शॉट लावला.

"अहो, हा बघितलाय मी! माझ्या मैत्रिणीच्या लेकीच्या लग्नाच्या फिल्ममध्ये. मी म्हटलंसुद्धा, आपलंच तळं, पण किती सुंदर दिसतंय."

"हा त्या दिवशीचा आहे ताई. काका हरवले त्या संध्याकाळचा."

ताईंना कळायला थोडा वेळ लागला. पायलट थांबला नाही. थांबलो तर पुन्हा जमणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. चाक, पाखरं, पंच्याण्णव सेकंद, आजची चाचणी, सगळं त्याने सांगून टाकलं. "बॅटरी पुरली असती. मशीनची चूक नव्हती. मला मोह झाला. आणि वर मीच सांगितलं की तिकडे काही नाही. माझ्या सांगण्यावरून लोक तिकडे गेले नाहीत."

ताईंनी शॉट पुन्हा सुरुवातीपासून लावला आणि शेवटपर्यंत बघितला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. ताईंनी चिठ्ठी वाचली, गोळ्यांची पट्टी कापली, पुडीवर लिहून दिलं. "सकाळी एक, रात्री एक. जेवल्यावर. उपाशीपोटी नाही हं." आवाज नेहमीसारखा होता. गिऱ्हाईक गेलं.

"बाबा कसे बाहेर पडले, म्हणून लोक विचारायचे," त्या बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "मी सांगायचे, दाराची कडी ढिली झाली होती. सगळ्यांना पटलं. कडी चांगली होती, दादा. मी लावलीच नव्हती. मैत्रिणीचा फोन आला होता, त्याच लग्नाच्या खरेदीचा. बोलत बोलत आत गेले."

पायलटने मोबाइल पालथा घातला.

"पुढच्याच आठवड्यात मी नवी कडी बसवून घेतली. चांगली, पितळेची. रोज रात्री न विसरता लावते." त्यांचा आवाज आता फुटला. "आत आहे कोण आता?"

"जाऊ दे, झालं ते झालं" असं ताई म्हणाल्या नाहीत. ते ऐकायला तो आला होता का, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि मोबाइल त्याच्याकडे सरकवला.

"नवा घ्या. ऊब दाखवणारा आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पण बाबांचं नाव घालू नका त्यावर."

"नाही घालणार."

"आणि जुना देऊन टाकू नका. घरी राहू दे, डोळ्यांसमोर." एवढं बोलून त्यांनी मागच्या कप्प्यातून जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "शोधायला निघालात की त्या चाकाला ही लावत जा."

दुकान बंद व्हायच्या आत पायलट दुकानदाराकडे पोचला. "आलास का? म्हटलंच होतं! आण तो जुना."

"जुना नाही देणार. त्याचे जे पैसे होतील ते मी भरतो. आणि नाव घालायचं नाहीये कुणाचं."

"बरं बाबा, तू म्हणशील ती पूर्व," दुकानदार म्हणाला आणि त्याने खोकं उघडून नवा रिमोट काउंटरवर ठेवला. पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. पायलटने खिशातून रीळ काढलं, दाताने एक तुकडा तोडला आणि तर्जनीखालच्या त्या छोट्या चाकावर आडवा चिकटवला. अंगठ्याने दाबून दाबून बसवला.

"अरे अरे, कोऱ्या वस्तूला हे काय करतोस? नीट तरी चालतंय की नाही बघ आधी."

"चालतंय," पायलट म्हणाला आणि पट्टीचं उचललेलं टोक पुन्हा एकदा दाबलं.