त्रेचाळीस मीटरवर पाणी गेलं

मी एक जुनी सागवानी पेटी आहे. मित्रांनो, कपड्यांची किंवा दागिन्यांची पेटी मनात आणू नका. माझ्यात पाच लांब खण आहेत आणि त्यांत दगडाच्या गोल कांड्या निजवल्या आहेत, उसाच्या पेऱ्यांसारख्या. सध्या मी लातूरला, कंपनीच्या कार्यालयात काचेमागे असते. येणारे-जाणारे माझं कौतुक करतात. मला ते सहन होत नाही. का, ते सांगते.

किनवटच्या सुताराने मला घडवलं तेव्हा लातूरचा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. तिथे रोज नव्या पाट्या लागत होत्या. त्यांतली एक आमच्या कंपनीची. चुनखडी शोधायची, खाण काढायची, भट्ट्यांना दगड पुरवायचा, असा तिचा बेत होता. त्याआधी दोन वर्षं तिची माणसं किनवटजवळ इस्लापूरकडच्या टेकड्यांवर हातोडे घेऊन नुसती दगड फोडत हिंडली. मग बोअरचं यंत्र आलं, यंत्राबरोबर मी आले. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं.

यंत्राची पोकळ नळी दगड कापत खाली जाते आणि आत अडकलेली कांडी वर आणते. उदगीरचा सिद्रामप्पा ते यंत्र चालवायचा. तो प्रत्येक कांडी धुऊन माझ्यात क्रमाने ठेवी आणि तिच्या शेवटी खोली लिहिलेला लाकडी ठोकळा बसवी. तुटलेली कांडी तुटलेलीच ठेवायची, कांडी निघाली नाही तर तेवढी जागा रिकामी सोडायची, हा त्याचा नेम होता.

कापताना नळीतून सतत पाणी सोडावं लागे, आणि पाणी उरलं होतं फक्त टेकडीखालच्या गावातल्या पंचशीलाच्या विहिरीत. गावच्या विहिरीवर जातीमुळे तिच्या घरच्यांना पोहरा टाकू देत नसत, म्हणून तिने आणि तिच्या बापाने, मारोतीने, चार उन्हाळे काळा दगड फोडून ती खणली होती. मारोती मागच्या थंडीत वारला. आता सगळं गाव त्याच विहिरीवर रांग लावत होतं. पंचशीलाने कोणालाही परत पाठवलं नाही.

सिद्रामप्पा पाणी मागायला गेला, तेव्हा ती आधी यंत्र बघायला आली.

"अप्पा, तुमचं यंत्र माझी विहीर एका दिसात पिऊन टाकील."

"न्हाई बाई. खाली सोडलेलं पाणी वर येतं. तेच खड्ड्यात साठवून फिरवून राहिलो. हे बघ, राखेवानी गढूळ."

"आन् न्हाई आलं वर तर?"

"तर यंत्र बंद. माझा शब्द."

तिने पाणी दिलं. गावातल्या कोंडाबाईने टोमणा मारला, "दगडाला पाणी पाजून राहिली! दगड काय दूध देणार हाय व्हय?"

नववं भोक विहिरीपासून ऐंशी पावलांवर घेतलं; त्याच्या तळाकडच्या कांड्या माझ्या वाट्याला आल्या. त्रेचाळीस मीटरवर वर येणारं पाणी एकाएकी थांबलं. वरचा काळा दगड संपून चुनखडी लागली होती आणि तिच्यात पोकळी होती. सिद्रामप्पाने शब्दाप्रमाणे यंत्र बंद केलं. ठोकळ्यावर लिहिलं: "४३ मीटर. पाणी गेलं. सिद्रामप्पा."

कंपनीचा व्यवस्थापक भीमाशंकर कांड्या बघून नाचायचाच बाकी होता. "अप्पा, खाण झाली आपली!"

"साहेब, आधी हे भोक तळापासून सिमेंटनं भरा. काळ्या दगडातलं पाणी ह्या वाटेनं खाली उतरंल. विहीर जवळ हाय."

"आहे ते सिमेंट चौथऱ्याला लागतंय. पंधरवड्यानं खाणीची पायाभरणी आहे, मोठे लोक येणार. तोंडावर फरशी बसवा, वरून गिलावा करा. झालं."

सिद्रामप्पाने यंत्र तिथून हलवलं. मग त्याने फरशी बसवली, ओल्या गिलाव्यावर तारीख कोरली आणि रिवाजाप्रमाणे नारळ फोडला. तोंड बंद झालं, पोट उघडंच राहिलं. माणसं खोबरं वाटून मोकळी झाली. मला त्या खोबऱ्याचा आजही राग येतो.

नवव्या दिवशी विहिरीचा तळ दिसला.

सगळं गाव यंत्राजवळच्या आमच्या मांडवात आलं. शिव्या कंपनीला कमी, पंचशीलालाच जास्त होत्या. "तूच पाजलंस यंत्राला!" ज्यांना तिने पाणी भरू दिलं होतं, तेच हे म्हणत होते. ती माझ्यापाशी उकिडवी बसली आणि पहिल्या ठोकळ्यापासून एकेक वाचत शेवटच्यापर्यंत आली. तो तिने मोठ्याने वाचला.

"अप्पा, हे अक्षर तुमचं?"

"हाव."

"म्हंजे तुम्हाला ठाऊक होतं."

"हाव, बाई."

तिने तो ठोकळा माझ्यातून काढून हातात घेतला. पंचशीला म्हणाली, "बा गेला तवा मी रडले न्हाई. म्हटलं, विहीर हाय. आता कुठं जाऊन बसू?"

भीमाशंकर मध्ये पडला. "खाण सुरू झाली की गावाला नळ येईल, नळ!"

"तवर काय तुझ्या पाटीचा रंग पिऊ का रे?" कोंडाबाई ओरडली.

सिद्रामप्पाने पहार उचलली आणि फरशी फोडली. चौथऱ्याचं सिमेंट बायांनी डोक्यावरून आणलं. कोणी कोणाची परवानगी घेतली नाही. पोकळीत आधी खडी, मग सिमेंट, असं करत दिवस मावळेपर्यंत ते भोक भरलं.

सिद्रामप्पाची नोकरी गेली. पायाभरणी दुसऱ्या सिमेंटवर झाली. माझ्यातल्या कांड्या दाखवून परवानगी मिळाली, खाण सुरू झाली, पहिला ट्रक गुलाल उधळून निघाला. शेवटचा ठोकळा पंचशीलाने नेला होता, म्हणून कंपनीने नवा बसवला. त्यावर नुसतं "४३ मीटर" आहे. लोक त्याचा फोटो काढतात.

विहिरीला पुढच्या पावसाळ्यात गुडघाभर पाणी लागलं. त्याच्यावर ते कधीच चढलं नाही. मारोतीने कोरलेल्या वरच्या पायऱ्या तेव्हापासून कोरड्याच आहेत.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या खाणी काढेल. दगड लागतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण जमिनीला पाडलेलं भोक तळापासून बुजवा, त्याच दिवशी बुजवा, आणि जिची विहीर शेजारी आहे तिला समोर उभं करून बुजवा. तिने वाकून पाहून "झालं" म्हटल्याशिवाय यंत्र तिथून हलवू नका.