इ अक्षराची फाईल

आमच्या ह्यांना कुठलीच गोष्ट अर्धवट करता येत नाही, आणि त्यातूनच हे सगळं रामायण घडलं.

नव्व्याण्णव सालचा दसरा. भोकरदनच्या बाजारपेठेत त्या दिवशी तराजूला, शिलाई मशिनीला, ट्रॅक्टरला, सगळ्यांना हळदीकुंकू लागतं. मग आमच्या डीटीपी सेंटरातला कॉम्प्युटर तरी मागे का राहील? पूजेला माझी ना नव्हती. फक्त बंद करून पूजा करा, एवढं बजावून मी पुरण वाटायला घरी गेले. पण आमच्या ह्यांचं, गजाननरावांचं, म्हणणं पडलं, "बंद मशिनीची कुठं पूजा असती का? जीव पाह्यजे तिच्यात." त्यांनी चालू कॉम्प्युटर टेबलावरून उचलून खाली चौरंगावर मांडला, झेंडूचा हार घातला आणि त्याच चौरंगाच्या कोपऱ्यावर दणकन नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं. पंखा फिरला, आतून टकटक असा आवाज आला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. डिस्क सापडत नाही, असं तिचं म्हणणं होतं. बंद केला, चालू केला. तीच ओळ. वायरी काढून परत लावल्या. तीच ओळ.

फ्लॉप्या आहेत ना, असं स्वतःला समजावत मी कपाट उघडलं. प्रत्येक फ्लॉपीवर कुंकू. वरवर असतं तर पुसून घेतलं असतं, पण ह्यांनी एकेका फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आतल्या चकतीवर हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या.

"अहो, झडप कशाला उघडली?"

"तूच म्हणल्तीस ना, अक्षरं आत असतात म्हणून," ते म्हणाले. "मंग पूजा वरवर कशाला करायची?"

मला रडूही येत होतं आणि उरलेला नारळ त्यांच्या डोक्यात घालावासाही वाटत होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं गेली तर गेली, ती मी पुन्हा टाईप केली असती. पण त्या डिस्कवर शरदचंद्र सरांचे शब्द होते.

सरांनी शाळेतली सगळी नोकरी आणि नंतरचं सगळं निवृत्तीचं आयुष्य आपल्या भागातले शब्द गोळा करण्यात घालवलं. शेतात, विहिरीवर, बाजारात माणसं जे बोलतात ते ते चिठ्ठ्यांवर लिहून आणायचे. दोन वर्षं मी ते टाईप करत होते, प्रत्येक अक्षराची वेगळी फाईल करून. सरांच्या पत्नी, सरोजिनीकाकू, शेजारी बसून चिठ्ठी वाचायच्या आणि मी बटणं बडवायचे. 'इर्जिक' आला तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो होतो. काकूंनी वाचलं, "इर्जिक. शेजाऱ्यांनी आपापली औतं घेऊन येऊन एकाचं रान एका दिवसात नांगरून देणं. मजुरी न्हाई. जेवण मालकाकडं." मी म्हटलं, "काकू, आमच्या ह्यांचा धंदा असाच चालतो, फक्त जेवणही आम्हीच घालतो."

आणि श्रावणात सरांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. हजारो शब्द जमवलेल्या माणसापाशी एकच उरला, 'बरं'. पाणी हवं असेल तरी बरं, कूस बदलायची असेल तरी बरं, राग आला तरी बरं.

मी पायात चप्पल सरकवली आणि काकूंच्या घरी गेले. सर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. काकूंना स्वयंपाकघरात नेऊन मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "पण चिठ्ठ्या आहेत ना काकू? मी पुन्हा टाईप करते. सगळ्या."

काकूंचा चेहरा उतरला. "चिठ्ठ्या सोडल्या ना गं. गणपतीसंगं, केळणेत."

"नदीत?"

"मंग काय रद्दीत देऊ? अक्षर हाय ते. काम पूर्ण झालं म्हणून हळदीकुंकू वाहिलं, नमस्कार केला अन सोडल्या. म्हणलं, यांना आराम पडू दे."

एकानं पूजा करून मारलं, दुसरीनं पूजा करून बुडवलं. कुणावर ओरडणार?

काकूंनी कोपऱ्यातला एक पेपर आणून माझ्यापुढे धरला. पाणीपुरवठ्याची कसलीशी बातमी होती. "परवा यांनी या 'पाणी' शब्दावर बोट ठेवलं अन माझ्याकडं पाह्यलं. मी तांब्या दिला, तर घटाघटा पिले. उमा, त्यांना वाचता येऊन राह्यलंय. बोलता येत न्हाई, पण शब्द दिसला की वळखतात. मी सगळा पेपर पुढं धरला, बालभारती धरली, पण त्यात यांचे शब्दच न्हाईत. तेच आणायला मी आज तुझ्याकडं येणार होते. कागदावर काढून दे मला. त्यांना बोट ठेवायला शब्द पाह्यजेत."

त्या क्षणापर्यंत मी फार तर एक पुस्तक वाचवायला निघाले होते. आता मात्र पदर खोचला. म्हटलं, "काकू, काढते. निघतील तेवढे सगळे काढते."

एसटीडी बूथवरून जालन्याला फोन लावला. मस्तगडात भुजंगचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि आमचा कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, नारळाच्या जागी थोडा हसला आणि मग गंभीर झाला.

"वहिनी, आतला काटा चकतीला चिकटलाय. सुटला तर एकदाच सुटंल. डिस्क एसटीत बिलकुल आणू नका, तो आधीच दुखावलाय, रस्त्यात खलास होईल. मी रविवारी माझाच कॉम्प्युटर घेऊन येतो. पण गॅरंटी न्हाई देत."

"गॅरंटी मागितलीय कुणी? तुम्ही या फक्त."

रविवारी काम सरांच्या घरी करायचं ठरलं. सरांना बाहेर नेता येत नव्हतं आणि काकूंना ते त्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं होतं. डिस्क सोडवून मी उशीवर ठेवली आणि तान्ह्या बाळासारखी जपत गल्लीतून नेली. भुजंग मोटारसायकलवर गोधडीत गुंडाळलेला आपला कॉम्प्युटर घेऊन आला. लाईटचा भरवसा नव्हता, एकदा गेली असती तर सगळंच बसलं असतं. म्हणून आमच्या शेजारचा मंडपवाला बद्रीनाथ वरातीचं जनरेटर ढकलत घेऊन आला. "लग्नाची तारीख न्हाई सध्या," तो म्हणाला. "बसून राह्यलंय नुस्तं." जनरेटरपाशी कॅन आणि फडकं घेऊन ह्यांना बसवलं. "इथून हलायचं नाही," मी सांगितलं, "आणि कशाचीही पूजा करायची नाही."

आणि मग दुर्गाबाई दारात उभी राहिली. माझ्या समोरच टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवते, माझी गिऱ्हाईकं गोड बोलून पळवते, आमचं विळ्याभोपळ्याचं नातं. हातात तिचा प्रिंटर होता आणि काखेत कागदाचं रिम.

"तुझ्या प्रिंटरची रिबन फिकी असती," ती म्हणाली. "सरांनी मला सातवीला शिकवलंय. बाजूला हो, जड हाय हे." मी बाजूला झाले.

भुजंगनं डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली, तळहातावर घेतली, कानाजवळ धरली आणि मनगटाला एक झटका देऊन फिरवली. टकटक. पुन्हा झटका. टकटक. सर खुर्चीतून वाकून बघत होते. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. भुजंगनं घाम पुसला, डोळे मिटले आणि पुन्हा एकदा फिरवली.

आतून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज आला. चकती फिरायला लागली होती.

"कुणी टेबलाला हात लावू नका," भुजंग कुजबुजला.

त्यानं एकेक फाईल ओढायला सुरुवात केली. डिस्क अडखळत, थांबत वाचत होती. अ आला. आ आला. इ वर ती अडली आणि टकटक करायला लागली. "ही ठेवा मागं, पुढच्या घ्या," मी म्हटलं. पुढं उ आला, ए आला. क मोठा होता, क ला माझा जीव टांगणीला लागला, पण आला. बाहेर जनरेटर ठोके चुकवायला लागलं तेव्हा ह्यांनी काय केलं देव जाणे, पण ते बंद पडू दिलं नाही. दुपार कलली तरी कुणी जागचं हललं नाही. शेवटी ह आला, ळ आला, आणि भुजंग परत इ कडे वळला.

टकटक. मग एक खरखर झाली आणि डिस्क थांबली. त्यानं किती झटके दिले, पण ती पुन्हा फिरली नाही.

"इ गेला, वहिनी," तो म्हणाला. "बाकी सगळं माझ्यात हाय."

आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एका अक्षरासाठी हळहळायला कुणात त्राण नव्हतं. दुर्गाबाईचा प्रिंटर करकरायला लागला आणि काकूंनी पहिला गठ्ठा सरांच्या मांडीवर ठेवला.

सर डाव्या हातानं पानं उलटायला लागले. ते वाचत नव्हते, काहीतरी शोधत होते. आ संपला, त्यांनी पान उलटलं, तर पुढे उ. त्यांनी परत मागं पाहिलं. पुन्हा पुढं. मग त्या दोन पानांच्या मधल्या जागेवर ते बोट आपटायला लागले. "बरं," ते म्हणाले. "बरं! बरं!" डोळ्यांत पाणी आलं होतं.

"सर, ती फाईल नाही निघाली," मी म्हटलं. "खूप प्रयत्न केले हो."

"थांब गं," काकू म्हणाल्या. त्या त्यांच्या पायाशी खाली बसल्या. "त्यांना तिथलाच एक शब्द पाह्यजे. मी वाचल्यात ना सगळ्या चिठ्ठ्या." त्यांनी डोळे मिटून घेतले. "इळा? गवत कापायचा?"

सरांनी मान हलवली. नाही.

"इस्तू? चूल पेटवू का?"

नाही.

"इरलं? पावसातलं?"

नाही. बोट आपटत राहिलं.

काकूंचे ओठ नुसतेच हलत होते. मग त्यांनी डोळे उघडले. "इर्जिक?"

"बरं!" सर म्हणाले. असा 'बरं' मी त्यांच्या तोंडून आजारपणात एकदाही ऐकला नव्हता. त्यांनी डावा हात उचलला आणि भुजंगकडे केला, मग दारातल्या बद्रीनाथकडे, मग दुर्गाबाईकडे, तेलानं काळ्या झालेल्या आमच्या ह्यांच्याकडे आणि शेवटी माझ्याकडे.

काकू हसत होत्या आणि रडत होत्या. "माझंच ध्यान न्हाई. सकाळपासून लेकरं उपाशी राबून राह्यलीत, अन मालकाकडं चूल थंड! दुर्गाबाई, चल गं, पोळ्या लाटू लाग."

मी एक कोरा कागद घेतला, पेनानं त्यावर 'इर्जिक' लिहिलं आणि आ आणि उ च्या मध्ये ठेवला. पुढं अर्थ लिहायला घेतला, तर सरांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं. आधी जेवण, मालकाकडचं.