कचरूची बहीण

उत्कर्षाला लहानपणापासून एका प्रश्नाचा तिटकारा होता. "दत्तक का? अरे वा! मग खरे आई-बाबा कोण?" पुण्यात हा प्रश्न अतिशय सभ्यपणे, चहाचा कप पुढे करत विचारतात, त्यामुळे उलट उत्तर देण्याचीही सोय राहत नाही. ती आठ महिन्यांची असताना संस्थेतून घरी आली होती. अठरा पूर्ण झाल्यावर तिनं हट्टानं आपली फाइल मागितली, तर आत निघालं दीड पान, तेही वजनाचं आणि लसींचं. त्यात माणूस एकही नव्हता.

चौतिसाव्या वर्षी तिनं नवंच खूळ डोक्यात घेतलं. आपले पूर्वज सापडत नाहीत ना, मग बाबांचे शोधू. त्यातही निवडले ते नेमके कचरू आजोबा, ज्यांच्याबद्दल घरात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. बाबा, म्हणजे ज्ञानदेव ओव्हाळ, तीन वर्षांचे असताना ते तापानं गेले. आजी पोराला घेऊन नगरकडे माहेरी गेली आणि तिनं नवऱ्याचा विषय जन्मात पुन्हा काढला नाही. फोटो नाही, चिठ्ठी नाही. गाव लोणी काळभोर, काम पुण्याच्या भुसार बाजारात हमाली, एवढंच काय ते माहीत.

"कशाला उकरतेस?" बाबा म्हणाले. "मला ते आठवतसुद्धा नाहीत. तुला काय सापडणार?"

बाबा साधेपणानं बोलले होते. पण ज्याचा बाप त्याला ओढ नाही, मग तुझा काय संबंध, असं तिचं तिनंच त्यात ऐकलं आणि ती पेटली. तिला हवं होतं ते फार थोडं. आजोबांना ओळखणारं कुणीतरी भेटावं आणि त्यानं तिला 'कचरूची नात' म्हणावं. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते फारच केविलवाणं वाटलं असतं.

पुढचे चार शनिवार कामी आले. जुन्या मृत्यूनोंदींत एकाच सालात सात कचरू निघाले. पोटच्या पोराला असलं नाव ठेवणारे आईबाप तरी कसले, म्हणून ती मनातल्या मनात चिडलीही. शेवटी गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात 'कचरू सोनबा ओव्हाळ' अशी ओळ सापडली आणि शाळेच्या शिपायानं तिला बौद्धवस्तीतल्या वैजनाथ ओव्हाळांचं घर दाखवलं. हा कचरूच्या चुलतभावाचा नातू, म्हणजे अगदी रक्ताचा. आजोबांचं नाव ऐकताच त्यानं तिला दारातच धरलं.

"सात-बाऱ्यावर नाव लावायला आलाय का?"

"नाही हो. नुसती माहिती हवीय."

"नुसती?" त्याला ते पटायला दोन मिनिटं लागली, मग चहा आला. "आमाला नाव तेवढं ठावं हाय. तुमी गोदाबाईकडं जावा. ती त्यांची भन हाय."

बहीण! जिवंत! उत्कर्षानं चहा अर्धा टाकला आणि तीन घरं पलीकडे जवळजवळ पळतच गेली. नव्वदीची म्हातारी ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"जयभीम आजी. मी कचरू ओव्हाळांची नात."

म्हातारीचे हात थांबले. "कचरूची? म्हंजी ज्ञानूची लेक?"

बाबांना कुणी ज्ञानू म्हणत असेल हे उत्कर्षाच्या स्वप्नातही नव्हतं. तिला एकदम भरून आलं. तिनं वही काढली आणि गोदाबाई सुटल्या. कचरू डाव्या हातानं जेवायचा. पोती उचलताना शिव्या घालायचा, पण हळू, कुणाला लागू नये म्हणून. दर भाऊबीजेला पुण्याहून चालत यायचा, केसांत धान्याची धूळ तशीच. उत्कर्षा भराभर लिहीत होती.

"आन् नाव इचारशील तर," गोदाबाई म्हणाल्या, "त्याच्या आधीची चार गेली. हा झाला तवा सुपात घालून उकिरड्यावर ठिवला. मरणाला वाटावं, टाकल्यालं पोर, ह्याला काय न्यायचं. माझी आई शेजारची, मुक्ताई. तिनं उचलून घरी आणला. मग त्याच्या आईनं पायलीभर जोंधळं दिलं आन् आमच्याकडनं इकत माघारी नेला. तवापासनं तो आई म्हनायचा माझ्या आईला. जन्म दिलेलीला नुसतं 'बाय' म्हनायचा. मी लई मागनं झाले, मला त्यानंच खांद्यावर खेळवली."

उत्कर्षाची लेखणी थांबली. चार शनिवार, एवढी धावपळ, आणि ही तर शेजारीण निघाली.

"म्हणजे तुम्ही त्यांची खरी बहीण नाही?"

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला ऐकू आले.

गोदाबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "सहा कोस चालत यायचा तो. खोट्या भनीकडं येतं व्हय कुनी एवढं?"

उत्कर्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या प्रश्नानं तिचं सगळं आयुष्य टोचलं, तोच तिनं नव्वद वर्षांच्या बाईला, तिच्याच ओट्यावर बसून विचारला होता. तेही वही उघडून, नोंद करायला. आता गप्प राहता येणार नव्हतं. सांगितलं तर आत्ताच मिळालेलं नातपण जाईल, ही भीतीही होती.

"चुकलं माझं, आजी," ती म्हणाली. "मी आधी सांगायला हवं होतं. बाबांनी मला दत्तक घेतलंय. मी त्यांच्या पोटची नाही."

गोदाबाईंनी पुढचा लसूण उचलला.

"आन् तूच मला इचारतीस व्हय गं, खरी का म्हनून?"

उत्कर्षाला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, लहान मुलासारखं. पलीकडच्या दारातून वैजनाथ डोकावून गेला.

"कचरूला उचलल्याली नात मिळाली म्हन की," गोदाबाई म्हणाल्या. "लई हसला असता." त्यांनी ताटली तिच्याकडे सरकवली. "रडू नगंस. सोल."

तिनं पाचसात पाकळ्या सोलल्या, तेव्हा कुठे आवाज ताळ्यावर आला. मग तशाच वासाच्या हातांनी तिनं बाबांना फोन लावला.

"बाबा, मी लोणीत आहे. तुमच्या आत्या भेटल्यात."

"मला कुठली आत्या?" बाबा म्हणाले. "मला वाटलं, ते एकटेच होते."

"एकटे नव्हते. सख्खी आत्या आहे तुमची. तुम्हाला ज्ञानू म्हणतात त्या."

बाबांनी एवढंच विचारलं, "रिक्षा थेट तिथपर्यंत येते का?"

"येतोय का?" गोदाबाईंनी विचारलं.

"येतायत."

"जेवून येऊ नगंस म्हनावं त्याला."