चार दिवसांवर रविवार

"अरे थर्गुड, ऊठ! फोन घे. कोणी बाई आहे, इंग्रजी बोलतेय. मला मेलीला 'हॅलो'च्या पुढे काय कळतंय!"

मामितानं ओल्या हातानंच रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि ती चुलीकडे वळली. तिचं नाव एदेल्मिरा, पण मिशनरी पोरांना रोज दुपारी जेवू घालणाऱ्या बाईला चिलीत सगळे मामिता, म्हणजे आईच म्हणतात. ओसोर्नो गावात आम्ही दोघं तिच्याकडे जेवायचो. मी अमेरिकेतल्या यूटाचा, एकवीस वर्षांचा, मिशनचे, म्हणजे चर्चच्या दोन वर्षांच्या धर्मप्रचाराचे, वीस महिने झालेला, म्हणजे स्वतःला फार मोठा समजणारा. माझा जोडीदार हेस्लॉप आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरचा, एकोणीस वर्षांचा. तो मागच्या अंगणात मामिताची लाकडं फोडत होता.

"हॅलो, एल्डर थर्गुड बोलतोय."

"एल्डर, मी टेरलची आई."

टेरल म्हणजे हेस्लॉप. मिशनवर आम्हा सगळ्यांचं पहिलं नाव एल्डरच, त्यामुळे टेरल कोण हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

"ख्रिसमसला त्यानं या नंबरवरून फोन केला होता ना, मी लिहून ठेवला होता," ती म्हणाली. "जरा देतोस त्याला? दोनच मिनिटं. आवाज ऐकावासा वाटला, बाकी काही नाही."

आता ऐका माझं शहाणपण. आमचा नियम साधा होता. सोमवारी घरी पत्र लिहायचं, आणि फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. त्या दिवशी बुधवार होता. मदर्स डे रविवारी. आणि नियमाच्या बाबतीत माझा हात धरणारा त्या अख्ख्या मिशनमध्ये कोणी नव्हता. बाकीची पोरं मला पाठीमागे 'बिशपसाहेब' म्हणायची, आणि मला ते आवडायचं.

"सिस्टर हेस्लॉप," मी चर्चच्या रीतीनं म्हणालो, "रविवार चार दिवसांवर आलाय. रविवारी चांगली चाळीस मिनिटं बोला. आत्ता बोललात तर त्याचं लक्ष उडेल. आज्ञा पाळली की आशीर्वाद मिळतातच, तुम्हाला मी काय सांगणार?"

खिडकीतून मला हेस्लॉपची पाठ दिसत होती. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, टाय खांद्यावरून मागे टाकलेला. दहा पावलांवर होता. नुसती हाक मारायची होती.

"खरंय रे तुझं," ती म्हणाली. "मीच त्याला लहानपणापासून हे शिकवलं, आणि आता मीच मोडायला निघाले. काय करतोय तो?"

"लाकडं फोडतोय."

"बाई गं! घरी कधी काडी इकडची तिकडे केली नाही मेल्यानं." ती हसली. मग म्हणाली, "मी फोन केला होता हे सांगू नकोस हं त्याला. उगाच मनाला लावून घेईल. जेवतो ना नीट?"

"ताटात काही ठेवत नाही."

"बरं मग. ठेवते."

मी रिसीव्हर ठेवला आणि स्वतःवर खूश होऊन जेवायला बसलो. हेस्लॉप घाम पुसत आत आला. "कोणाचा होता?"

"मिशनच्या कामाचा," मी म्हणालो. झालं, नियमवाल्यानं नियमासाठी खोटंही बोलून घेतलं.

गुरुवारी दिवसभर आम्ही दारं ठोठावत हिंडलो. एका म्हाताऱ्यानं कुत्रं सोडलं, एका बाईनं भाजलेला पाव दिला आणि दार लावून घेतलं. हेस्लॉप खिशातली वही काढून चालता चालता लिहीत होता. रविवारी आईला काय काय सांगायचं त्याची यादी. "चाळीस मिनिटं आहेत, थर्गुड. ख्रिसमसला निम्मी रडण्यात गेली. या वेळी एक मिनिट वाया घालवणार नाही. कुत्र्याचं सांगू का? नको, घाबरेल. पावाचं सांगतो." मला वाटलं, बघा, कसा उत्साह आलाय पोराला. आत्ता बोलला असता तर हा राहिला असता का? खरंच असंच वाटलं मला. माझी अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती.

शुक्रवारी दुपारी पुन्हा मामिताचा फोन वाजला. मिशनच्या अध्यक्षांचा. आधी मलाच बोलावलं त्यांनी. हेस्लॉपच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन गुरुवारी होतं. पोराला कळवू नका असं तिनंच घरात बजावलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती शुद्धीवर आलीच नाही. आज सकाळी गेली.

मी रिसीव्हर हेस्लॉपच्या हातात दिला. तो उभ्या उभ्या ऐकत राहिला. "हो, प्रेसिडेंट. हो. हो." परत जायचं की राहायचं हे वडिलांनी त्याच्यावर सोडलं होतं. दोन वर्षं पुरी करून ये, एवढंच आई नेहमी म्हणायची. "राहतो," तो म्हणाला. फोन ठेवला, अंगणात गेला आणि लाकडांच्या ढिगावर जाऊन बसला.

मामितानं पदर, म्हणजे तो तिचा एप्रन, तोंडाला लावला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. ती बाई काही खुळी नव्हती.

"बुधवारी इंग्रजी बोलणारी ती... तीच होती ना रे?"

मी मान हलवली.

"आणि तू दिला नाहीस?"

"नियम आहे, मामिता. रविवारी..."

"गप बस!" आजवर ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. "मीही त्याच चर्चची ना? अकरा वर्षं झाली मला. आपल्या देवानं कधी रे सांगितलं, आईला चार दिवस दारात उभी कर म्हणून?" मग हळू आवाजात म्हणाली, "मी नाही सांगायची त्याला. तूच सांग. तुझं तोंड तूच उघड."

मी नाही उघडलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रोज सकाळी आम्ही गुडघ्यावर बसून शेजारी शेजारी प्रार्थना करायचो, तो त्याच्या आईसाठी आणि मी माझ्या भ्याडपणासाठी. आज इतक्या वर्षांनी मी यूटात शाळांचे बॉयलर दुरुस्त करतो. माझी धाकटी मुलगी सध्या मिशनवर आहे. आता पोरं दर आठवड्याला घरी फोन करतात, नियम बदलला. तिचा फोन आला की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जातो. बायको म्हणते, असा कसा बाप? तिला काय सांगू.

त्या शनिवारी इस्त्री करता करता हेस्लॉपनं विचारलं, "थर्गुड, उद्या घरी फोन केला तर चालेल ना? म्हणजे... आई नाही, पण मदर्स डे तर आहे. नियमात बसतं ना?"

नियमात बसतं ना, हे त्यानं मला विचारलं. त्या घटकेला जमीन फाटली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो.

"बसतं," मी म्हणालो.

रविवारी चार वाजता मामितानं शेजारणीला वाटेला लावलं आणि स्वतःही बाहेर जाऊन बसली. मला जाता येत नव्हतं. जोडीदाराला एकटं सोडायचं नाही, हाही नियमच. हेस्लॉपचे वडील फोनवर नेहमी ट्रॅक्टरवर बसल्यासारखे मोठ्यानं बोलायचे. समोरच्या खुर्चीवर मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

दफन मंगळवारी आहे. मावश्या आल्या आहेत. शेजाऱ्यांनी इतकं खायला आणून दिलंय की ठेवायला जागा नाही. पेरणी यंदा लांबणार. असं सगळं सांगून झालं, मग ते म्हणाले:

"टेरल, एक बरं झालं बघ. बुधवारी तुमचं बोलणं झालं. आईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, बोलले मी त्याच्याशी, छान आहे तो. रात्री शांत झोपली रे. मला तर वाटलं होतं, नियमाचं काढून ते लोक बोलू देणार नाहीत."

हेस्लॉपनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मला नजर खाली घालायची होती, पण जमलं नाही. त्याला माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असणार. बुधवार, फोन, मिशनचं काम, सगळंच.

"टेरल? आहेस ना?"

"आहे, बाबा."

"काय म्हणाली रे शेवटी? मी विचारलं, तर म्हणाली, ते आमचं आम्हा दोघांचं."

हेस्लॉपनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला धरला.

"म्हणाली, वेळेवर जेव," तो म्हणाला. "म्हणाली... शर्टाच्या कॉलरी हातानं घास, नुसत्या भिजवून निघत नाहीत. आणि बाबा, तुमच्याकडे बघ म्हणाली. तुम्ही औषधं घेत नाही म्हणाली."

पलीकडे तो दणदणीत आवाजाचा माणूस हमसाहमशी रडायला लागला. "हो रे. असंच बोलायची ती. अगदी असंच."

"तुम्ही रडू नका, बाबा. खूप बोललो आम्ही. पोटभर बोललो."

त्यानं रिसीव्हर अलगद ठेवला. मी उठलो. "हेस्लॉप, मी..."

"पाच वाजता बारियेंतोस कुटुंबाकडे प्रार्थनेला जायचंय," तो म्हणाला. टायची गाठ वर केली, छातीवरची नावाची पट्टी सरळ केली. "ते वाट बघत असतील."

पुढे पाच आठवडे आम्ही एका खोलीत राहिलो. त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मग त्याची बदली झाली.

त्या रविवारी रस्त्यावर मात्र तो माझ्याबरोबर चालला नाही. भरभर पुढे गेला, मान खाली घालून. खांदे हलत होते. गल्ली जिथे वळते तिथे तो थांबला. वळला असता तर मला दिसेनासा झाला असता. त्यानं मागे बघितलं नाही, पण मी शेजारी येऊन पोचेपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि मग आम्ही दोघं वळलो.